१६०० मीटरआधी कॉफी चालेल, इंजेक्शनचं नावही काढू नकोस

मित्रा, तुझं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकच्या आडगावला पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी आहे, १६०० मीटर पाच मिनिटं चाळीस सेकंदांच्या खाली येत नाही, सातपूरला कंपनीत नाइट शिफ्ट चालू आहे. जिममधला एक जण प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) घे म्हणतोय, दुसरा 'एक छोटंसं इंजेक्शन' सुचवतोय, आणि घरी कॉफी आहे. काय घेऊ?

इंजेक्शनचं आधी उरकतो. जिममध्ये जे फिरतं ते बहुतेक वेळा मेफेन्टरमिन असतं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं बीपी घसरलं तर वर आणायला डॉक्टर ते वापरतात, तेही समोर मॉनिटर लावून. तुझं बीपी घसरलेलं नाही. जीव तोडून धावताना हृदय आधीच पूर्ण ताणावर असतं, त्यात हे टोचलं तर बीपी भडकतं, ठोके बिघडू शकतात, सवय लागते ती वेगळीच. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत ते आहे, आणि राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनीच त्याचे साठे पकडलेत. ज्या खात्यात भरती व्हायचंय त्याच्याच हाती असं लागायचं?

आता कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य. पहिली गोष्ट, ते ताकद देत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की थकवा वाटतो, झोप येते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं कॅफिन त्या जागा आधीच अडवून ठेवतं. अडेनोसिन कुठे जात नाही, बाहेर गर्दी वाढतच राहते. कॅफिन उतरलं की सगळी झोप एकदम अंगावर येते ती म्हणूनच.

धावताना याचा फायदा असा की त्याच वेगाला श्रम कमी वाटतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड असतात आणि भरतीची पोरं मार खातात ती तिसऱ्यात. पहिला जोशात जातो, शेवटचा शिट्ट्या-आरडाओरड्यावर निघतो, तिसऱ्यात मात्र पाय आपोआप ढिले पडतात. कॅफिन काम करतं ते तिथे. १९९२मध्ये १५०० मीटरवर अगदी हाच प्रयोग झाला होता: ट्रेडमिलवर धावण्याआधी ३ ग्रॅम कॉफी दिली, तर वेळ सरासरी ४.२ सेकंदांनी कमी झाला. म्हणजे पाच चाळीसचे पाच पस्तीस होतील, पाच दहा होणार नाहीत. उरलेलं अंतर इंटरव्हलनेच, म्हणजे थोडं अंतर जोरात, मग थोडी विश्रांती, असं पुन्हा पुन्हा धावूनच कापावं लागेल.

किती घ्यायची? अभ्यासात वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन वापरतात. तू खालच्या टोकाला राहा. वजन ६० किलो असेल तर १८० मिलिग्रॅम. चहाचा एक चमचा इन्स्टंट कॉफी म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅम, म्हणजे तीन चमचे. पण थांब, पाकीट उलटं करून वाच. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त पाकिटांत तीस-चाळीस टक्के चिकोरी असते आणि चिकोरीत कॅफिन नसतं. तसं पाकीट असेल तर तुझे तीन चमचे खरे दोनच भरतील. आणि तू एरवी फक्त चहावाला असशील तर सुरुवात दीड चमच्यापासून कर. निरोगी माणसाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५मध्ये सांगितलंय. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तुला स्वतःला कधी धडधड किंवा चक्कर आली असेल, तर आधी डॉक्टर, मग कॉफी.

काळीच घे, कोमट, साखर थोडी चालेल. दूध घालून ढवळलेली कपभर कॉफी पोटात घेऊन धावलास तर तिसऱ्या राउंडला ती वर येईल. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: कॉफीने पोट साफ होतं. पहाटे ग्राउंडच्या गेटवर रांगेत उभं असताना हे लक्षात येणं फार वाईट. म्हणून गोल्फ क्लब मैदानावर सरावाच्या दिवशी आधी करून बघ. भरतीच्या दिवशी नवीन काहीही नको, बूटसुद्धा नाही.

वेळेचा घोळ भरतीत सगळ्यात मोठा. रक्तातलं कॅफिन पाऊण ते एक तासात चढतं. पण पहाटे बोलावतात, मग कागदपत्रं, उंची-छाती, चेस्ट नंबर, आणि तुझी बॅच कधी लागेल ते सांगता येत नाही. घरून पिऊन निघू नकोस. छोट्या बाटलीत सोबत ने आणि धावायला तासभर राहिलाय असं दिसलं की पी. थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही, ते चार-पाच तास शरीरात असतंच.

पण हेच चार-पाच तास तुझ्या शिफ्टमध्ये नडतायत, आणि मला वाटतं तुझं टायमिंग अडकलंय ते इथे. साधारण पाच तासांत कॅफिन निम्मं उरतं. पहाटे चारला मशीनवर डुलक्या येतात म्हणून चहा घेतलास, सकाळी नऊला झोपलास, तर निम्मं अजून आत आहे. २०१३च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं तरी झोप तासाभराहून जास्त घटली होती. झोपेत पाय भरून येतात, चहात नाही. रात्री दोननंतर चहा बंद कर, आणि सुपरवायझरच्या हातापाया पडून ग्राउंडआधीचा आठवडा दिवसपाळी माग. मात्र नेहमीचा सकाळचा चहा ग्राउंडच्या दिवशी एकदम तोडू नकोस, रोज चहा पिणाऱ्याचं डोकं दिवसभरात ठणकायला लागतं.

प्री-वर्कआउटचं काय? त्यात कामाचं कॅफिनच असतं, एका स्कूपला १५० ते ३०० मिलिग्रॅम. चेहऱ्याला, हाताला मुंग्या येतात तो त्यातल्याच बीटा-अलानिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा परिणाम. पोरांना वाटतं पावडर चढली. प्रत्यक्षात बीटा-अलानिनचा उपयोग काही आठवडे रोज घेतल्यावर दिसतो, त्या मुंग्यांचा वेगाशी संबंध नाही. आणि डब्यात लिहिलंय तेवढंच असेल याची खात्री कुठे? २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर आपले काही खेळाडू मिथाइलहेक्सानामीन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडल्यामुळे अडकले होते, आणि ते द्रव्य तेव्हा अशाच सप्लिमेंटमध्ये मिळायचं. कॅफिन स्वतः २००४पासून वाडाच्या बंदी यादीत नाही, त्यामुळे कॉफीने तू कुठे अडकणार नाहीस. सुटी कॅफिन पावडर कुणी दिली तर हातही लावू नकोस. तिचा एक चमचा म्हणजे जवळपास अठ्ठावीस कप कॉफी.

पुढच्या वेळी वजन, चारही राउंडचे वेगवेगळे टायमिंग आणि शिफ्टच्या वेळा लिही. पाच चाळीसमधला तिसरा राउंड किती सेकंदांचा आहे ते कळल्याशिवाय इंटरव्हल सांगता येणार नाहीत.