नोकरी-संसार सांभाळून ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जगता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मंडळीत (चर्चमध्ये) नेमाने जाता, शास्त्र वाचता, घरी संध्याकाळची प्रार्थनाही होते, पण स्वतःला 'शिष्य' म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही. पेत्र-योहान हे कोळी जाळी सोडून येशूच्या मागे गेले आणि आपण घराचे हप्ते भरतोय, ही तुमची अडचण.

माझं उत्तर 'हो' असं आहे. नोकरी आणि संसार सोडून आणखी कुठे शिष्य होता येतं, हे मला तरी ठाऊक नाही.

जाळी सोडल्याची गोष्ट उपदेशात इतक्यांदा येते की बाकीची माणसं झाकली जातात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) 5व्या अध्यायातला तो कबरस्तानात राहणारा भूतग्रस्त बघा. बरा झाल्यावर तो होडीपाशी येऊन गयावया करतो, मला तुमच्याबरोबर राहू द्या म्हणतो. येशू त्याला नेत नाही. घरी जा, आपल्या माणसांना सांग, म्हणतो. जक्कय मुख्य जकातदार; अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, असं तो आपणहून बोलून जातो, पण यरीहो सोडून माझ्यामागे ये असं त्याला कुणी म्हटलेलं नाही. उलट शाश्वत जीवन कसं मिळेल असं विचारायला आलेल्या त्या श्रीमंत माणसाला मात्र सगळं विकायला सांगितलं. म्हणजे सगळ्यांना एकच माप नाही. कुणाला काय सोडायचंय ते ज्याचं त्याला कळतं, आणि बहुधा लगेच कळतं. मग आपण त्यावर बरीच वर्षं प्रार्थना करत बसतो, तो भाग वेगळा.

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे लूकचा 3रा अध्याय मला माझ्या खात्याचा वाटतो. बाप्तिस्मा घ्यायला आलेले जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला (हा जाळी सोडणारा योहान नव्हे) विचारतात, आम्ही काय करावं? जकातीचं काम रोमी सरकारचं, लोकांच्या शिव्या खाणारं. तरी योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच. शिपायांना सांगतो, कुणाला धाकदपटशा करून पैसे काढू नका, पगारात समाधान माना. स्वर्गातलं राज्य जवळ आलंय म्हणून गर्जणारा माणूस, आणि उत्तर काय तर पगार आणि पावती!

मार्चअखेरीला आमच्याकडे कुणीतरी टेबलाशी येऊन हळूच म्हणतंच, "भाऊ, मागच्या तारखेचं एक बिल लावून टाका ना." मी नाही म्हणतो. त्याचा परिणाम असा की मोठ्या कामांच्या फायली माझ्याकडे येत नाहीत आणि पगारवाढीत माझं नाव खाली असतं. याला कुणी वधस्तंभ म्हणू नये, पण हप्ता भरताना तेवढं जाणवतं. लूकने 'दररोज' वधस्तंभ उचलण्याबद्दल लिहिलंय. मत्तय आणि मार्कमध्ये त्याच वचनात 'दररोज' नाही. माझ्यासारख्या नोकरदाराला लूकचं वचन जास्त लागू पडतं.

आता संसार. मत्तयाच्या 5व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नगरकडच्या गावांत हे वचन बांधावर येऊन आदळतं. सख्खे भाऊ, फूटभर बांधावरून तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघंही देवळाच्या दोन टोकांना बसून एकाच प्रभुभोजनात भाग घेणार. आमच्या एका जुन्या पाळकसाहेबांची रीत होती. ते प्रभुभोजनाच्या आधल्या आठवड्यात सायकलवर अशा घरी जायचे, चहा घ्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि उठता उठता विचारायचे, "मग रविवारी काय करताय?" लोक चिडायचे. पाळकाने उपदेश करावा, शेतीत तोंड घालू नये, असं पंचायतीत बोललंही गेलं. बहुतेक तंटे मिटले नाहीत, काही मिटले. माझ्या लेखी ती सायकलफेरी त्यांच्या सगळ्या उपदेशांपेक्षा मोठी होती.

आणि एक बोचरी गोष्ट. आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये सोयरीक जमवताना "मूळचे कोण?", म्हणजे आधीची जात कोणती, हा प्रश्न अजून विचारला जातो. दशांश देणारे, उपास धरणारे, साक्ष देताना डोळे भरून येणारे लोक तो विचारतात. इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पुढे काही वर्षांनी घेतला, पण त्याआधीच त्यांनी खाण्यापिण्यातला जातीचा विटाळ टाकून दिला होता. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे पटल्यावर कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. आपल्याकडे बाप्तिस्मा पिढ्यान्‌पिढ्या झालाय आणि पाणी अजून राहिलंय.

प्रार्थनेला मी कमी लेखतोय असं समजू नका. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे आत्मिक संजीवन (पश्चात्तापाची आणि प्रार्थनेची लाट) झालं त्याच्या कथा लोक अजून रंगवून सांगतात. पण दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे शेतात राबत, माग चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. हे कथेत क्वचित येतं. ती प्रार्थना त्या कामातून वेगळी काढून आपल्या घरात आणता येईल असं मला वाटत नाही.

सुरुवात कुठून करू, असंही तुम्ही विचारलंय. लूक 3 ते 19, रोज एक अध्याय. जुनी भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घ्या. एकट्याने मात्र वाचू नका. मंडळीतला एखादा असा माणूस गाठा जो तुमच्या पगाराबद्दल आणि तुमच्या भावाबद्दल तोंडावर विचारू शकेल, आणि ज्याला तुम्हीही तेच विचारू शकाल.