हायड्राचा बूम खाली बसतोय? होज सोडण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या १४ टनी हायड्रा क्रेनचा बूम (वजन उचलणारा लांब हात) लोडवर असताना हळूहळू खाली बसतो. फिटर म्हणतो सील किट गेलंय, बूम वरच ठेवू, चेन पुलीने धरू, होज (तेलाचा पाइप) सोडून जॅक, म्हणजे बूम उचलणारा लिफ्ट सिलेंडर, उतरवू. चालेल का?

नाही चालणार. बूम आधी खाली टेकवायचा, मग पाना हातात घ्यायचा.

इंजिन बंद केलं, लिव्हर दोनचार वेळा पुढेमागे केला, होज हाताला ढिला लागला, की प्रेशर संपलं असं आपल्याकडे सर्रास समजतात. लिफ्ट सिलेंडरच्या बाबतीत ही समजूत जीव घेऊ शकते. या सिलेंडरच्या बुडाशी लॉक व्हॉल्व्ह असतो, होज फुटला तरी बूम आदळू नये म्हणून. याचा अर्थ, होजमध्ये शून्य प्रेशर असतानाही व्हॉल्व्हच्या आत सगळा बूम तेलावर उभा असू शकतो. १०० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलेंडरमध्ये २०० बार धरले तर जोर साधारण १६ टन होतो. त्या स्थितीत कुणी व्हॉल्व्हचे बोल्ट ढिले केले तर पळायलाही वेळ मिळत नाही. आणि शेडच्या ट्रसला (छताच्या सांगाड्याला) अडकवलेली चेन पुली हा आधार नव्हे. तो ट्रस पत्र्यांसाठी बांधलाय.

इंजिन बंद ठेवून लिव्हर हलवला की लॉक व्हॉल्व्ह उघडेलच असंही नाही. तो उघडायला रॉडच्या बाजूने पायलट प्रेशर, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारं तेलाचं प्रेशर, लागतं. म्हणून सपाट, पक्क्या जागेवर गाडी लावा, चाकांना अडण्या द्या, इंजिन स्लोवर ठेवून बूम सावकाश खाली आणा आणि भक्कम स्टँडवर किंवा लाकडी स्लीपरच्या थप्पीवर पूर्ण टेकवा. टेकल्यावर खाली दाबत राहू नका, नाहीतर रॉडच्या बाजूला प्रेशर अडकतं. आता इंजिन बंद, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवा, बॅटरीची वायर काढा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. टेस्ट पॉइंट असेल तर गेज लावून बघा. मगच होजचा नट पाव आटा ढिला करा, तोंड बाजूला ठेवून, आणि तेल झिरपायचं थांबेपर्यंत थांबा. सिलेंडरची पिन ठोकून काढण्याआधी त्याला पट्टा बांधा. पिन निघाल्यावर सिलेंडरचं वजन पायावर येतं, हे घाईत विसरायला होतं.

आता दुखण्याबद्दल. बूम बसतो म्हणजे पिस्टनचं सीलच गेलं, हा निष्कर्ष घाईचा आहे. रॉडच्या बाजूचं तेल कंट्रोल व्हॉल्व्हने अडवलेलं असेल, तर नुसतं पिस्टन सील गळून बूम फार खाली येऊ शकत नाही, कारण खालच्या बाजूचं सगळं तेल मावायला वर तेवढी जागाच नसते. आत रॉड आहे ना. त्यामुळे मी आधी लॉक व्हॉल्व्हवर संशय घेईन. त्यात कचरा अडकला किंवा त्याची सीट झिजली तरी हेच लक्षण दिसतं. तो साफ न करता नवं किट टाकलं तर बूम पुन्हा बसेलच. बाहेर रॉडवरून तेल ओघळत असेल तर ते ग्लँडच्या (रॉड जिथून बाहेर येतो त्या झाकणाच्या) सीलचं काम. रॉडवर ओरखडा किंवा क्रोम उडालेला असेल तर आधी हार्ड क्रोम करून घ्या, नाहीतर नवं सीलही कापलं जाईल.

सिलेंडर टेबलावर आल्यावर बरेच जण पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा मारतात. ‘काय होत नाही बे’ म्हणत मारतात. ६ बार हवा १०० मिमीच्या पिस्टनवर साडेचारशे किलोंहून जास्त जोर लावते, आणि दाबलेली हवा तेलासारखी लगेच शांत होत नाही. ग्लँड आणि रॉड गोळीसारखे सुटतात. दोन्ही पोर्ट उघडे ठेवून तेल निथळू द्या, सी-पान्याने ग्लँड सोडा आणि रॉड हाताने किंवा चेन पुलीने सरळ रेषेत ओढा. सील बसवताना ओठ प्रेशरच्या दिशेला, बॅकअप रिंग प्रेशरच्या उलट बाजूला. स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका.

आपल्या सोलापूरची एक खास गोष्ट. साखर कारखान्यांची दुरुस्ती गाळप संपल्यावर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात निघते. तेव्हा तेल भरलेला सिलेंडर दोन्ही पोर्ट बुचाने बंद करून यार्डात उन्हात ठेवलेला दिसतो. कोंडलेलं तेल एक अंश तापलं की प्रेशर साधारण १० बारने चढतं. सकाळी बंद केलेला सिलेंडर दुपारी किती प्रेशरवर असेल याचा हिशोब करा. बूच लावायचं तर तेल काढूनच लावा, आणि सावलीत ठेवा.

बारीक गळती हाताने कधीच चाचपू नका. लांब धरलेला पुठ्ठा फिरवा. उच्च दाबाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत आतल्या पेशी मरू लागतात आणि बोट किंवा हात काढायची वेळ येते. हळद लावून घरी पाठवू नका. थेट सिव्हिलला किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि ‘प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

परत बसवल्यावर टाकीत तेल पुरेसं आहे ना बघा आणि लोड न लावता, स्लो इंजिनवर, बूम थोडाथोडा वरखाली करून हवा काढा. हवा राहिली तर बूम धक्के खातो आणि नवं सील जळूही शकतं. त्या वेळी बूमखाली कुणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

किट आणण्याआधी लॉक व्हॉल्व्हचा फोटो टाका, आणि लोड न लावता उभा केलेला बूमही बसतो का ते लिहा. म्हणजे व्हॉल्व्ह की सील, हे ठरवायला सोपं जाईल.