थिबा राजवाडा बघण्यासारखा आहे का?

रत्नागिरीत जेमतेम एक दिवस हाताशी आहे आणि ‘थिबा पॅलेस म्हणजे नुसत्या रिकाम्या खोल्या’ असं कुणीतरी सांगितलंय, तर जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीचाच. जरूर जा. फक्त राजाचं वैभव बघायला म्हणून जाऊ नका. इंग्रज सरकारने हा वाडा एका कैद्याला ठेवायला बांधला, एवढं मनात धरून आत शिरा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या युद्धात त्याचं राज्य गेलं आणि १८८६ मध्ये त्याला राणी सुपयालत आणि लेकींसकट आमच्या गावी आणून ठेवलं. वाडा तयार व्हायला मात्र १९१० उजाडलं. तोवरची सगळी वर्षं दुसऱ्या बंगल्यांत गेली. आणि १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. म्हणजे या वाड्यातून त्याने पुरते सहाच पावसाळे बघितले.

पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन आहे, तिथे थोडं रेंगाळा. मग अर्धगोल खिडक्यांपाशी उभे राहा. लाकडाची नक्षी, रंगीत काचा, आणि ऊन असेल तर फरशीवर पडलेले लाल-हिरवे तुकडे. मी लहानपणी त्या तुकड्यांवर पाय ठेवत चालायचो. मागच्या बाजूला थिबाने आणलेली बुद्धमूर्ती आहे, ती बघितल्याशिवाय परतू नका. पुष्कळ जण पुढूनच फोटो काढून निघून जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान याच गावात, टिळक आळीत आहे. ते त्याच दिवशी बघा. ब्रह्मदेशचा राजा इथे कैदेत होता, त्याच काळात आमच्या गावात जन्मलेले टिळक त्या राजाच्या राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात होते. १९०८ ते १९१४. ‘गीतारहस्य’ तिथलंच. दोन्ही वास्तू एका दिवसात बघितल्या की हे जसं आत उतरतं, तसं इतिहासाच्या पुस्तकातून माझ्यात कधी उतरलं नव्हतं.

वाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. सकाळी जा, गर्दी नसते. संध्याकाळी जवळच्या थिबा पॉइंटवर बसा, भाट्याची खाडी आणि समुद्र तिथून एका नजरेत येतात.

वेळ उरलाच तर थिबाची समाधी. शहरातच आहे, रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबाची समाधी’ म्हणा. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. एरवी कुणी नसतं. जांभ्याची साधी वाट, गवत, शांतता. जमलं तर दोन फुलं घेऊन जा.