आईला नाकातून नळी घालायची का?

आई ८३ वर्षांची. अल्झायमर्स आहे, वर्षभर अंथरुणावरच आहे, बोलत नाही. पंधरा दिवसांपासून दोन घासांपुढे तोंड घट्ट मिटते, पाण्याचाही ठसका लागतो. नळीचा निर्णय डॉक्टरांनी आमच्यावर सोपवलाय. मावशी म्हणते, 'उपाशी ठेवून मारताय का तिला?' काय करू? – एक लेक

ताई, मावशींच्या त्या वाक्याने तुमच्या काळजाला घरं पडली असतील. पण आईंना तुम्ही उपाशी ठेवलेलं नाही. या टप्प्यावर मेंदूला गिळणं जमेनासं होतं आणि भूकही सरत जाते.

नळी घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिने आयुष्य वाढत नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून उलटं वर येणारं अन्न श्वासनलिकेत जातच राहतं. शिवाय पेशंट नळी उपसतो, मग त्याचे हात बांधायची वेळ येते.

भरवायचं ते पूर्ण जाग असतानाच. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा दाटसर खिमट. गळ्याची घाटी वर-खाली झालेली दिसल्याशिवाय पुढचा घास नको. तोंड मिटलं की थांबा. सिरिंजने तर मुळीच ढकलू नका. नंतर अर्धा तास बसतं ठेवा.

तोंड कोरडं पडण्याचा त्रास भुकेपेक्षा जास्त असतो. दर दोन तासांनी लहान मुलांचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, हिरड्या आणि जिभेवरून फिरवा. बोट तोंडात घालू नका, जबडा अचानक मिटतो. ओठांना तूप लावा.

कुशीवर वळवताना कपाळाला आठ्या पडतात का, मूठ आवळली जाते का, बघा. ती वेदना असू शकते. गोळी गिळवत नसेल तर गुदद्वारातून द्यायचं किंवा त्वचेवर लावायचं औषध डॉक्टरांकडे मागा. पोट साफ झालंय का, लघवी तुंबलीय का, हेही बघायला सांगा. बोलता न येणाऱ्या माणसाची तगमग पुष्कळदा तिथेच असते.

शेवटी श्वासात खंड पडेल, घशात घरघर होईल. एका कुशीवर वळवा. खोल सक्शन, म्हणजे घशात आतवर नळी घालून यंत्राने कफ ओढणं, नको; त्याचाच त्रास होतो. गंगाजळ द्यायचं तर तुळशीपत्राने फक्त ओठ ओले करा, घशात ओतू नका. मावशींना आईंच्या हातापायांना तेल लावायला बसवा. त्यांनाही काहीतरी करायचं आहे.

आणि घरीच सगळं झालं तर रात्री फोन कोणाला करायचा, मृत्यूचा दाखला कोण देणार, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.