काटा हलत नाही, पण गास्केट गळतं

प्रश्न : आमच्याकडे सरकीच्या ढेपेतून हेक्झेन या ज्वालाग्राही द्रावकाने तेल काढतात. टाकीपासून एक्स्ट्रॅक्टरपर्यंत ३ इंची, १८० मीटर लाइन आहे. शेवटचा हवेवर चालणारा बॉल व्हॉल्व्ह बंद झाला की लाइन दणकते आणि फ्लँजची (पाइपच्या जोडांची) गास्केटं वरचेवर गळतात. गेज मात्र ४ बारच्या पुढे जात नाही. दाब मोजून सिग्नल पाठवणारा स्मार्ट ट्रान्समीटर लावला, त्याच्या ट्रेंडवरही काही दिसत नाही. कोणता सेन्सर घ्यावा?
– एक वाचक, जळगाव एमआयडीसी

उत्तर : तुमचा ट्रान्समीटर बिघडलेला नाही, मंद आहे. आधी व्हॉल्व्ह मिटताना उठणाऱ्या दाबाच्या लाटेचा धक्का किती ते काढा : घनता × लाटेचा वेग × प्रवाहाचा वेग. हेक्झेन सेकंदाला २ मीटर वाहतं असं धरलं तर ६६० × १००० × २ पास्कल, म्हणजे सुमारे १३ बार. लाट टाकीपर्यंत जाऊन परत यायला ०.३६ सेकंद लागतो. व्हॉल्व्ह त्याआधी मिटला तर पूर्ण १३ बार ४ बारवर चढतात. ट्रान्समीटरचं डॅम्पिंग (रीडिंग सावकाश बदलवणारी सेटिंग) २ सेकंद असेल तर त्याला त्यातले जेमतेम २ बार कळतात, आणि स्काडा (नोंदी ठेवणारी संगणक यंत्रणा) सेकंदाला एकच नोंद घेत असेल तर तेही हुकतात.

म्हणून १ मिलिसेकंदात प्रतिसाद देणारा पिझोरेझिस्टिव्ह किंवा थिन-फिल्म सेन्सर घ्या. पिझोइलेक्ट्रिक नको, त्याला स्थिर दाब धरून ठेवता येत नाही. लॉगर सेकंदाला १००० नोंदी घेणारा हवा. रेंज ०–४० बार, आणि तीही निर्वातापासून मोजलेली, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट. कारण लाट उलटली की दाब खाली कोसळतो. ४० अंशांना हेक्झेनचा बाष्पदाब ०.३७ बारच्या आसपास असतो, त्यामुळे लाइनमध्ये वाफेची पोकळी होते आणि ती मिटताना दुसरा दणका बसतो. तो कधीकधी पहिल्यापेक्षा मोठा असतो. अचूकता ०.५ टक्के पुरते. त्याहून जास्तीसाठी पैसे घालवू नका.

खरी चूक होते ती बसवताना. सेन्सर व्हॉल्व्हच्या अलीकडे, अगदी जवळ आणि पाइपच्या कुशीला लावा. वर लावला तर हवा अडकते, खाली लावला तर गाळ. डायफ्रॅम (दाब झेलणारा पडदा) फ्लश, म्हणजे पाइपच्या आतल्या भिंतीशी सपाट हवा. इम्पल्स ट्यूब (सेन्सरपर्यंतची बारीक नळी) लावली तर तिच्यातला हवेचा बुडबुडा स्प्रिंगसारखा हलतो आणि नसलेले दाब दाखवतो. स्नबर (धक्के शमवणारा अडथळा) लावला तर असलेलेही झाकतो. ईपीडीएम रबराचं सील हेक्झेनमध्ये फुगतं, तेव्हा पूर्ण वेल्डेड, ३१६एल स्टेनलेस स्टीलचा घ्या. नवीन टॅपिंगचं वेल्डिंग लाइन रिकामी व गॅसमुक्त केल्याशिवाय नाही.

झोन १ साठी (जिथे नेहमीच्या कामातही स्फोटक वाफ असू शकते) ‘एक्स आयए’ सेन्सर, म्हणजे वाफ पेटवू शकणार नाही इतक्या कमी ऊर्जेवर चालणारा, गॅस ग्रुप टू-ए, तापमान वर्ग टी-३ किंवा टी-४, आणि पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता. सर्टिफिकेटवर सभोवतालचं तापमान वेगळं लिहिलेलं नसेल तर मर्यादा ४० अंश धरतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या पुढे जातो आणि उन्हातलं धातूचं खोकं त्याहून तापतं. ६० अंश किंवा जास्त लिहिलेलंच मागा. सेन्सरकडे जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणारा बॅरियरही तपासा : काही आयसोलेटिंग बॅरियर स्वतःच मंद असतात, मग वेगवान सेन्सरचा उपयोग शून्य.

धक्का मोजून झाला की व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या एक्झॉस्टला स्पीड कंट्रोलर लावून मिटण्याचा वेळ २–३ सेकंदांवर न्या. मात्र हा व्हॉल्व्ह आणीबाणीच्या बंदसाठी असेल तर आधी सुरक्षा विभागाची संमती घ्या.

प्रश्न : ‘एक्स डी’, म्हणजे आतला स्फोट बाहेर जाऊ न देणाऱ्या फ्लेमप्रूफ खोक्यातल्या सेन्सरलाही बॅरियर लागतो का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. पण केबल आत घेणारा ग्लँड फ्लेमप्रूफच हवा, आणि सप्लाय चालू असताना झाकण उघडायचं नाही.