‘पडीक’ रेल्वेमार्ग की ‘बंद पडलेला’?

फोंड्याच्या एक शिक्षिका शाळेच्या वार्षिकांकासाठी न्यूयॉर्कच्या हाय लाइन या उद्यानावर लेख लिहीत आहेत. त्यांनी ‘पडीक रेल्वेमार्गावर फुललेली बाग’ असे शीर्षक दिले, तेव्हा ‘पडीक असते ती जमीन, रेल्वेमार्ग नव्हे’ असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. यात बरोबर कोण, असे त्यांनी विचारले आहे.

एरवी मी सहकाऱ्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो. वापरातून गेलेल्या वस्तूसाठी मराठीत एकच सरसकट शब्द नाही. शेत पडीक राहते, गाव ओस पडते, घर मोडकळीस येते, यंत्र निकामी होते आणि गिरणी बंद पडते. त्यातही ‘बंद पडणे’ आणि ‘बंद करणे’ यांतला फरक गोव्यात वेगळा सांगायला नको, कारण २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आपण ‘खाणबंदी’ म्हटले आणि ते नेमके होते. खाणी आपसूक बंद पडल्या नव्हत्या. ‘परित्यक्त’ हा शब्द कोशात निर्दोष असला तरी तो ऐकताच आपल्याला ‘परित्यक्ता’ आठवते, म्हणून रुळांसाठी मी तो वापरणार नाही.

तरीही बाईंनी शीर्षक बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पडीक’ म्हणजे नापीक नव्हे. जिच्यात पीक येऊ शकते, पण कोणी कसत नाही, ती जमीन पडीक. हाय लाइन हा मालगाड्यांसाठी उंचावर बांधलेला मार्ग १९३४ मध्ये सुरू झाला आणि त्यावरून शेवटची गाडी १९८० मध्ये गेली. त्यानंतर रुळांमधल्या खडीत गवत आणि रानफुले आपोआप रुजली. २००९ मध्ये पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला, त्यातली लागवडही या रानवट वाढीवरून सुचलेली आहे. जो मार्ग माती धरून स्वतःच हिरवा झाला, त्याला ‘पडीक’ म्हणणे हे निव्वळ अलंकारिक नाही. तो खरोखरच पड जमिनीसारखा झाला होता.

लेखात पुढे जर्मनीतील डुइसबुर्ग शहरातल्या जुन्या कारखान्याचा उल्लेख येणार असेल, तर तेथे मात्र ‘पडीक कारखाना’ लिहू नये. तो लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला, आणि आज त्याच्या झोतभट्टीवर लोक चढून जातात, वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात. तिथे ‘बंद पडलेला कारखाना’ हेच शब्द शोभतील.