अमेरिकी सिनेटमध्ये बहुमत असूनही विधेयक अडतं कसं?

चर्चा संपवायलाच 100 पैकी 60 मतं लागतात, म्हणून 41 जण अडून बसले की 55 जणांचा पाठिंबा असलेलं विधेयकही अंतिम मतदानापर्यंत पोचत नाही. चर्चा संपू न देता विधेयक अडवण्याचा हा प्रकार, म्हणजेच फिलिबस्टर, राज्यघटनेत नाही. तो सिनेटच्या स्वतःच्या नियमांमुळे टिकून आहे. नियम 22 नुसार चर्चा थांबवायची तर:

- 16 सदस्यांच्या सह्यांचा प्रस्ताव
- मधे कामकाजाचा एक दिवस सोडून मतदान
- 60 मतं मिळाली तरी पुढे 30 तासांपर्यंत चर्चा

विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही, इथेही बहुतेकदा हीच अडवणूक करता येते, त्यामुळे एकाच विधेयकावर आठवडा सहज जातो. खरी मेख म्हणजे 60 हा आकडा एकूण सदस्यसंख्येवर मोजतात, हजर असलेल्यांवर नाही. अडवणाऱ्यांनी सभागृहात पाऊलही टाकलं नाही तरी चालतं. माणसं जमवायची धावपळ बहुमतवाल्यांनाच करावी लागते. 1957 मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटं उभे राहून बोलले होते. आता नुसता इशारा पुरतो, आणि माझ्या मते पक्षहितासाठी देशाचं काम रोखणं त्यामुळेच इतकं स्वस्त झालंय.

मात्र सगळंच असं अडवता येत नाही. नियुक्त्यांसाठी साधं बहुमत पुरतं: 2013 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने बहुतेक पदांसाठी आणि 2017 मध्ये रिपब्लिकन पक्षाने सर्वोच्च न्यायालयासाठी तसा पायंडा पाडला. कर आणि खर्चाची काही विधेयकंही अर्थसंकल्पाच्या खास प्रक्रियेतून साध्या बहुमताने मंजूर होतात.